हरतालिकेचा तांब्या

हरतालिकेला प्रांजली पाणी पिणार होती, आणि तेही भागाबाई आत्याच्या देखत. हे तिनं दवाखान्यातच ठरवलं होतं.

गेल्या वर्षी रिसालीच्या याच घरात तिनं निर्जळी उपवास धरला होता. हिंदी बोलणाऱ्या शेजारणी तिजाला, म्हणजे हरतालिकेलाच, पाण्याचा थेंबही घेत नाहीत, मग आपण मागे का राहायचं, असा आत्याचा हट्ट. दुसऱ्याच दिवशी प्रांजलीच्या कमरेत कळ उठली. मूत्रपिंडात वाढत असलेला सिस्टीन या अमिनो आम्लाचा खडा मूत्रनलिकेत अडकला होता. असे खडे होत राहिले तर मूत्रपिंडच निकामी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अवं, तांब्या कावून भरून राहिली?" यंदा वाळूची पिंड थापता थापता आत्या ओरडली. "उपवास हाय नं आज!"

"आहेच. खाना बंद, पानी चालू."

"सारं तुह्या मायच्या टमाटरानं झालं. तिनंच खाऊ घातला तुले खडा."

आई खाली मान घालून फुलं निवडत राहिली. आता मात्र प्रांजली उठलीच. तिनं दोन वाट्यांत चार-चार चमचे साखर घातली. एकीत चमचाभर पाणी ओतलं, दुसरीत काठोकाठ. ढवळून दोन्ही आत्यापुढे ठेवल्या. पहिलीच्या तळाशी साखर तशीच बसली होती.

"मूत्रपिंड रक्त गाळतं, तेव्हा कामाच्या वस्तूही बाहेर पडतात. पेशींच्या पडद्याला दारं असतात, ती त्यांना परत आत घेतात. माझं एक दार जन्मापासून बिघडलेलं. त्यातून परत आत यायच्या त्या चार वस्तू लघवीतच राहतात. तीन पाण्यात विरघळतात, सिस्टीन मात्र नीट विरघळत नाही. पाणी कमी पडलं की असा थर बसतो, त्याचाच खडा."

"मंग दार दुरुस्त कर म्हणा डॉक्टरले!"

"ते होत नाही. तासातासाला भरपूर पाणी, हाच उपाय. आणि हा दोष दोन्हीकडून यावा लागतो. एक आईकडून, एक बाबांकडून."

आत्याचा वाळूतला हात थांबला. "म्हंजे आमच्या घरून बी?"

"हो. टमाटरचा काही दोष नाही."

आत्यानं हाताची वाळू झटकली. मग आईला म्हणाली, "ममता, दे ती फुलं. मी निवडतो."

दुपारी पूजेला आलेल्या शेजारणीनं तांब्याकडे बोट केलं. "लडकी पानी पी रही है?"

प्रांजली उत्तर द्यायला सरसावली, पण आत्याच आधी बोलली.

"हाँ, पी रही है. हमारे घर में ऐसाच उपवास होता." आणि तिनं तांब्या प्रांजलीपुढे सरकवला. "घे वं, तास झाला."