पंखाची खालची बाजू

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमची हाडे इतकी हलकी झाली आहेत की कुणी टेबलफॅन लावला तर तुम्ही खुर्चीवरून सरकाल. अंगावर कातडी नाही, तिच्या जागी चकचकीत लाल प्लास्टिक ताणून बसवले आहे. टिचकी मारली तर टम् असा आवाज येतो. नाकात मोटर आहे. आणि कुठे जायचे हे तुम्ही ठरवायचेच नाही, ते खाली जमिनीवर उभे राहून दुसरेच कुणीतरी रिमोटच्या दोन दांड्यांनी ठरवणार. जमली कल्पना? मग आता डोळे उघडा. तुम्ही माझ्या जागी बसला आहात.

मी एक जुने, स्वस्तातले, रिमोटवर उडणारे विमान आहे. स्वस्तातले म्हणायला मला लाज वाटत नाही. पण स्वस्त म्हणजे नेमके कुठे स्वस्त, हे मात्र विचारावे. ते फारसे कुणी विचारत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझे लाकूड चांगले होते, हलके आणि सरळ रेषांचे. पंखातल्या फासळ्या यंत्राने कापलेल्या, एकीसारखी दुसरी. काटकसर झाली ती डिंकात आणि कातडीत. डिंक लावणाऱ्या बाईंना भरभर हात चालवावा लागे, त्यामुळे काही सांध्यांना भरपूर डिंक मिळाला आणि काहींना नुसता वास. कातडी म्हणजे पातळ प्लास्टिकची फिल्म. ती सांगाड्यावर चिकटवून गरम केली की आक्रसते आणि ढोलासारखी ताणून बसते. माझी फिल्म दिसायला देखणी, पण उन्हाला भित्री होती; फार वेळ ऊन लागले की तिची लाकडावरची पकड सुटायची आणि ती सैल पडायची. मग मला तुकड्यांत खोक्यात भरले. खोक्यावर माझे ढगांतले चित्र होते आणि खाली लिहिले होते, 'जवळजवळ तयार विमान'. मित्रांनो, जगातली निम्मी कामे त्या 'जवळजवळ' या शब्दात लपलेली असतात.

ते खोके उघडले एका लाँड्रीत. लाँड्री एका मुलीच्या आत्याची. शाळा सुटली की आईबाबा कामावरून येईपर्यंत ही मुलगी तिथेच असे. तिचे नाव काय ते मला कधी कळले नाही, कारण दुकानात येणारे सगळे तिला 'चौकशी' म्हणत. वाफ पांढरीच का दिसते, स्टार्च घातल्यावर कापड कडक का होते, कोटाला आत अस्तर कशाला, असे तिचे दिवसभर चाललेले असे. आत्या म्हणायची की स्टेशनावर चौकशीची खिडकी असते तिथे निदान उत्तरे मिळतात. आमच्या खिडकीत नुसते प्रश्नच.

इस्त्रीच्या मोठ्या टेबलावर तिने मला जोडले. पण जोडण्याआधी तिने माझा एकेक भाग कानाशी धरून हलवला. पंखात काहीतरी खुळखुळले. एक फासळी डिंकाविना नुसती टेकून उभी होती. तिने काडीने थेंबभर डिंक आत पोहोचवला आणि तो वाळेपर्यंत टेबलाला हात लावू दिला नाही. आत्याची गिऱ्हाइके त्या दिवशी कपड्यांसाठी ताटकळली.

गावाबाहेरच्या मैदानात तिला मला उडवायला शिकवले कप्तानांनी. कप्तान कसले, आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले गृहस्थ. त्यांच्याकडे एक मोठे, महागडे, निळे विमान होते आणि हवेत सुटल्यावर त्यांचा अंगठा रिमोटच्या दांडीवर कायम जरासा उजवीकडे दाबलेला असे. एकदा चौकशीने विचारले, असा का दाबून धरता. ते म्हणाले, सवय आहे. त्यांची बसही डावीकडे ओढायची. स्टिअरिंग जरा उजवीकडे धरले की झाले. गाडीला हात लागतो, विमानालाही लागतो.

माझा पहिला मोसम कौतुकात गेला. मी हात न लावताही सरळ उडत असे. चौकशी चढवायला शिकली, वळवायला शिकली. उतरवायचे काम मात्र अजून कप्तान करत.

मग उन्हाळा आला. एका दुपारी मी कप्तानांच्या बंद गाडीत मागच्या काचेपाशी राहिलो. डावा पंख उन्हात होता, उजवा सावलीत. संध्याकाळी मला बाहेर काढले तेव्हा डाव्या पंखावर सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या होत्या, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारख्या. मैदानातल्या मुलांनी माझे नाव 'आजोबा' ठेवले. नव्याचे नऊ दिवस, दुसरे काय. घरी जाताना चौकशीने मला टॉवेलमध्ये गुंडाळून नेले.

आत्याने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी चौकशी शाळेत असताना तिने मला टेबलावर घेतले. मुलगी येईल तोवर तिला नवेकोरे विमान दाखवायचे, असा तिचा बेत. आता सुरकुती काढण्यात आत्याचा हात धरणारे कोण? फिल्म गरम केली की आक्रसते हे तिने जोडणीच्या वेळी पाहिले होते. तिने इस्त्री मंद केली, तिला सुती फडके बांधले, आणि शर्टाची कॉलर धरावी तसे डाव्या पंखाचे पुढचे टोक दुसऱ्या हाताने उचलून ताणून धरले. मग वरून इस्त्री फिरवली. सुरकुत्या गेल्या. मी पुन्हा आरशासारखा चमकू लागलो.

मला मात्र आत काहीतरी चमत्कारिक वाटत होते. झोपेत मान अवघडावी तसे. पण लाकडाला तोंड कुठे असते?

चौकशीने आत्याला मिठी मारली. आत्या दिवसभर गिऱ्हाइकांना मला दाखवत होती.

त्या आठवड्यापासून माझे बिनसले. हवेत गेलो की मी उजवीकडे कलायचो. कप्तान डावीकडे दाबून मला सरळ ठेवत. पण उतरताना वेग कमी झाला की मी अचानक डावीकडे पंख टाकायचो आणि नाकावर आपटायचो. पहिल्यांदा नाकावरचा फिरता पंखा मोडला, दुसऱ्यांदा चाक गेले, तिसऱ्यांदा नाकाचे लाकूडच फुटले.

कप्तानांनी मला हातात घेऊन बराच वेळ उलटेपालटे केले. "सासरी एक बोलतं नि माहेरी दुसरंच," ते म्हणाले. "हवेत उजवीकडे, उतरताना डावीकडे. स्वस्तातला माल, पोरी. आणखी काय होणार?"

त्यांनी तिला समजावून सांगितले, की त्यांच्याकडे दुसरा बरा सांगाडा आहे. येत्या रविवारी एकदाच उडवून पाहू. याही वेळी आपटले तर माझी मोटर आणि बाकीचे सामान त्या सांगाड्यात घालायचे. माझा सांगाडा मग काय कामाचा? तो टाकून द्यायचा. ते वाईट मनाने बोलत नव्हते. पडणारे विमान कुणाच्या तरी डोक्यात पडू शकते, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक होते.

चौकशी म्हणाली, "टाकायचं तर टाकू. पण आधी मला कळायला हवं, दोन्हीकडे का?"

मित्रांनो, त्या दोन शब्दांवर माझा जीव टांगलेला होता.

तिने फुटलेले नाक जोडले आणि आधी मोटर सरळ आहे का पाहिले. सरळ होती. मग मला मधोमध दोरी बांधून कपड्यांच्या दांडीला टांगले. एक पंख जड असेल तर तो खाली जाईल. मी तराजूसारखा समतोल राहिलो. मग तिने टेबलफॅनपुढे पुठ्ठ्याची पट्टी धरली. तुम्हीही करून पाहा. पट्टीची पुढची कड जराशी उचलली की वारा ती वर ढकलतो. पण कड फारच उचलली की पट्टी वर जायचे सोडून नुसती थरथरते आणि खाली येते. वारा तिला सोडून देतो. चौकशीने हे इतक्या वेळा केले, की आत्याने घडी केलेले रुमाल दुकानभर उडाले आणि फॅन बंद झाला.

शनिवारी तिने माझे पंख पुसायला काढले. माझ्या पंखांची खालची बाजू सपाट आहे. उजवा पंख इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, गुपचूप बसला. डावा ठेवला आणि फडके फिरवले, तर टक्. परत फिरवले, टक्. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा तो डुगडुगत होता. तिने खाली वाकून टेबलाच्या कडेशी डोळा लावला. तीन कोपरे टेकलेले. चौथा, पुढचा टोकाकडचा, अधांतरी. त्याखाली शर्टाचे बटण सरकवले तर ते आरामात आत गेले.

ती तशीच वाकून राहिली. पुठ्ठ्याची पट्टी तिच्या डोक्यात फिरत असावी. पुढची कड उचललेला पंख वेगात असताना जास्त वर ढकलला जाणार, म्हणजे विमान उजवीकडे कलणार. आणि उतरताना विमान हळू होते, नाक वर करते. तेव्हा आधीच उचललेली कड फार उचलली जाते, वारा त्या पंखाला आधी सोडून देतो आणि तो पंख खाली पडतो. दोन्ही गोष्टींचे कारण एकच होते!

मग तिने मान वर केली. समोर आत्या चादरीचा कोपरा डाव्या हाताने उचलून ताणत घडी घालत होती. कुठला कोपरा कुणी धरला होता, हे आता तिला कळले होते.

मी तिचा चेहरा पाहिला, मित्रांनो. उत्तर सापडले तरी ती हसली नाही. तिने बटण काढून खिशात टाकले. मग तिने हळूच विचारले, "आत्या, तू पंखाला इस्त्री केलीस ना, तेव्हा खालून केली होतीस?"

"खालून कशाला?" आत्या घडीतून मान न काढता म्हणाली. "शर्टाची आतली बाजू कोण बघतं?"

"वारा बघतो."

आत्याने चादर खाली ठेवली. चौकशीने पंख टेबलावर ठेवून बोटाने डुगडुगवून दाखवला. टक्, टक्. आत्या त्या उचललेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. कॉलर धरणारा हात.

"म्हणजे नाक फुटलं ते माझ्यामुळे," ती म्हणाली.

"फिल्मही भित्रीच आहे," चौकशी म्हणाली. "चांगली असती तर उन्हात सुरकुतलीच नसती."

"लबाड. मला वाचवतेस होय?" आत्याने डोळे पुसले की घाम, मला कळले नाही. मग तिने बाह्या वर केल्या. "चल. जे इस्त्रीने बिघडलं ते इस्त्रीने सुधारतं. पण आता तू चालवायची. मी धरते."

तिने माझा पंख दोन्ही हातांत घेऊन उलट्या बाजूला पिळला, हवा होता त्याहून थोडा जास्तच. फिल्मवर तिरक्या सुरकुत्या उमटल्या. चौकशीने आधी वरून इस्त्री फिरवली, मग पंख तसाच पिळलेला ठेवून खालून. सुरकुत्या विरल्या. एका जागी इस्त्री क्षणभर जास्त थांबली आणि भित्र्या फिल्मला भोक पडले. चौकशीने इस्त्री ठेवून पंख काढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा आत्या दटावून म्हणाली, "गार होऊ दे. गरम असताना सोडलं तर जैसे थे. पँटची घडीसुद्धा गार झाल्यावरच बसते." म्हणून दोघी माझा पंख धरून तशाच उभ्या राहिल्या. गिऱ्हाइक दारात येऊन बघून गेले. मग भोकावर चिकटपट्टीचे ठिगळ लागले. टेबलावर ठेवले, फडके फिरवले. टक् नाही.

रविवारी आत्याने दुकानाला कुलूप लावले आणि मैदानात आली. कप्तानांनी माझे ठिगळ पाहिले, भुवया उंचावल्या आणि मला हवेत सोडले. वर गेल्यावर त्यांचा अंगठा माझ्यामुळे लागलेल्या सवयीने डावीकडे दाबला गेला आणि मी डावीकडे वळलो. त्यांनी चमकून बोट उचलले. मी सरळ झालो. त्यांनी दोन्ही अंगठे हवेत धरले. मी सरळच.

त्यांनी रिमोट चौकशीच्या हातात दिला. "उतरवही तूच," एवढेच म्हणाले.

ती मला फेरी मारून खाली घेऊन आली. वेग मंदावला, नाक वर झाले. जिथे माझा डावा पंख पडायचा ती जागा आली. मी वाट पाहिली, तिनेही पाहिली. आत्याने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. पंख पडला नाही. माझी चाके गवताला टेकली, मी दोन उड्या मारल्या आणि थांबलो.

मित्रांनो, आज माझा लाल रंग गुलाबी झाला आहे आणि कडेची फिल्म सुटू लागली आहे. आता मी फारसा उडत नाही. लाँड्रीत कोटांच्या शेजारी, उन्हापासून दूर लटकतो. तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला गाडीत उन्हात ठेवू नका. उडवण्याआधी सपाट टेबलावर टेकवून पाहा. आणि ते बिघडले, तर टाकण्याआधी एकदा त्याला का म्हणून विचारा. आम्ही बोलत नाही, पण सांगतो.

पण त्या रविवारची गोष्ट राहिलीच. सगळे माझ्याभोवती जमले होते. कप्तान चौकशीला शाबासकी देत होते. तिचे मात्र लक्ष नव्हते. ती त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होती, निळ्या विमानासाठी कायम उजवीकडे दाबलेल्या. मग ती त्यांच्या त्या मोठ्या, महागड्या, निळ्या विमानापाशी गेली, त्याच्या मागे गवतात पालथी पडली आणि तिने एक डोळा मिटला.