विलिकेसाने मुळी उचलली

मी एक जुना तानोआ आहे. यंगोना या गुंगी आणणाऱ्या पेयाची मुळी कुटून, फडक्यातून पिळून ज्यात कालवतात, ते चार पायांचं लाकडी भांडं. मित्रांनो, माझ्यात एकदा राकिराकीचा अख्खा फुटबॉल संघ बुडाला, असं मी सांगत असे. खरं तर त्यांचा कप्तान पेंगून तोंडघशी पडला होता, इतकंच. पण आजची गोष्ट मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न पुष्कळ केला.

विलिकेसाच्या आजोबांनी मला वेसीच्या खोडातून कोरलं आणि उसाचा ट्रक चालवणाऱ्या शिवदीनला भेट दिलं. त्याच्या ओसरीवर मी तरणाताठा झालो. शिवदीनचा बिसून आणि विलिकेसा, दोघेही तेव्हा विशीतले. त्या वर्षी दोघांनी एकाच पक्षासाठी गावोगाव कागद चिकटवले. पक्ष जिंकला, त्या संध्याकाळी माझ्याभोवती बसायला जागा उरली नाही.

"बिसून, हे यंगोना आहे की तुझ्या अम्माने तांदूळ धुतलेत?"

"तुझ्या जिभेला चव असती तर आमच्या अम्माच्या हातचं जेवला असतास का रे?"

आतून अम्मा कडाडली, "विल्या, मेल्या, माझ्या तांदळाला नावं ठेवतोस? आज भात नाही तुला!"

तो ताट चाटूनपुसूनच उठला. मला वाटलं, देश असाच असतो. एक भांडं, एक करवंटी, सगळ्यांच्या ओठांना लागणारी.

महिनाभरात रेडिओ सांगू लागला की शिवदीनसारख्या हिंदी वंशाच्या लोकांचं सरकार नको, म्हणून विलिकेसासारख्या मूळ बेटकऱ्यांच्या फौजेने ते उलथवलं. रस्त्यांवर ओंडके आडवे पडले. विलिकेसाही आपल्या गावच्या नाक्यावर पहाऱ्याला उभा राहिला. नेमकं तेव्हाच बिसूनच्या बहिणीला, रामरतीला, ऑकलंडला परिचारिकेचं शिक्षण घ्यायला निघायचं होतं. नांदीहून विमान, आणि वाट त्याच नाक्यावरून.

आमच्याकडे मोठं मागणं नुसतं तोंडाने मागत नाहीत. मुळी पुढे ठेवतात. समोरच्याने ती उचलली की शब्द दिला. नाही उचलली तर मागणारा उठून जातो, राग कोणी धरत नाही. बिसून मुळी आणि मला घेऊन विलिकेसाच्या घरी गेला.

"उद्या आमचा ट्रक सोड, विली. रती आणि अम्मा असतील."

"गाढवा, रती माझी बहीण नाही का? तिच्यासाठी मुळी आणतोस?" विलिकेसा हसला. त्याने मुळी उचलली, ती कुटून माझ्यात कालवली, टाळी वाजवली आणि करवंटी एका दमात रिकामी केली.

परतताना मी ट्रकमध्येच राहिलो. सकाळी नाक्यावर मी रतीच्या मांडीवर होतो. पहाऱ्याच्या म्होरक्याने विचारलं, "विलिकेसा, ओळखतोस यांना?"

त्याने रतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"नाही. परत पाठवा."

"विल्या!" अम्मा ओरडली. "माझ्या हातचं जेवलास रे!"

त्याने पाठ फिरवली. विमान रतीला सोडून उडालं आणि तिची जागा दुसरीला गेली. माझ्या पोटाला चीर पडली ती त्याच क्षणी. लोक म्हणतात, उन्हाने पडली. म्हणोत बापडे.

पुढे शिवदीनचं घरच परदेशी निघून गेलं. ट्रक विकला, मला ओसरीवर विसरले. कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली.

खूप वर्षांनी केस पिकलेला विलिकेसा देवमाशाचा दात घेऊन आला. आमच्याकडे याहून मोठी माफी नाही. बंद दारापुढे बसून त्याने सगळं बोलून दाखवलं, बिसूनचं नाव घेऊन, अम्माचं, रतीचं. पण तो दात कोणीतरी हातात घ्यावा लागतो, तरच माफी पोचते. मला पाय चार आणि हात एकही नाही. आणि मित्रांनो, हात असता तरी मी तो पुढे केला नसता.

मला धुऊन सावलीत ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि शब्द पाळायची हिंमत नसेल तर मुळी खुशाल तशीच पडून राहू द्या. नाही म्हणणाऱ्याबरोबर आम्ही दुसऱ्या दिवशीही पितो.