सतरा नंबरची नळी

“बाई, ह्यो आज उठंना झालाय,” तानाबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात सतरा नंबरची परीक्षानळी होती. आतल्या आगरवर, म्हणजे जंतूंच्या खाऊच्या घट्ट थरावर, नेहमीची सोनेरी साय धरलेली नव्हती. आगर नुसताच चकाकत होता.

तानाबाई आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धूत. जंतू उपाशी मरू नयेत म्हणून ते दर आठवड्याला तारेने उचलून नव्या नळीत सोडावे लागतात. ते कामही त्या शिकल्या होत्या. सतरा नंबरला मात्र त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ते जंतू एकोणपन्नास साली एका नऊ वर्षांच्या मुलाच्या पायातल्या पुवातून घेतले होते. चंदगडहून एसटीने त्याला इथल्या दवाखान्यात आणेपर्यंत पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. जंतू चार वर्षं वाढत राहिले. तो तानाबाईंचा कृष्णात. त्या मग गावी परतल्याच नाहीत.

मी एकदा म्हटलं होतं, “तानाबाई, या जंतूंनीच त्याला मारलं.”

“ठावं हाय की. पर त्याच्याच रक्तावर वाढल्यात न्हवं? दुसरं काय ऱ्हायलंय त्याचं?”

जंतू वाढावेत म्हणून नळ्यांचं कपाट सदतीस अंशांवर, माणसाच्या अंगाच्या उबेवर, असे. तानाबाई त्यात हात घालून क्षणभर थांबत. “त्याच्या कपाळावानी लागतंय,” म्हणत. मला तिथे उभं राहवत नसे.

त्या वर्षी मी जंतूंवर औषध म्हणून गोऱ्या साहेबांच्या जुन्या दफनभूमीतल्या सरूच्या झाडांच्या पानांचा अर्क काढत होते. अर्कात भिजवलेली कागदाची चकती जंतूंच्या बशीत ठेवली, की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल उमटे. सतरा नंबरच्या बशीत तो सर्वांत मोठा आला.

“ह्या गोलात कोण न्हाय व्हय?” तानाबाईंनी विचारलं होतं.

“कुणी नाही.”

त्यांनी बशीवर हलकेच झाकण ठेवलं होतं.

त्या सोमवारी ती नळी पाहून मी कपाट उघडताच सरूचा वास अंगावर आला. शनिवारी अर्कातलं स्पिरिट उडून जावं म्हणून मी अर्काची बशी उघडीच आत ठेवली होती. दोन दिवस वाफ कोंडली होती. एकाही नव्या नळीत जंतू उगवले नव्हते; जुन्या नळ्यांतलेही मेले असावेत.

“बर्फपेटीत प्रत्येकाची एक राखीव जोडनळी आहे ना?” मी विचारलं.

“ह्याची न्हाय,” त्या म्हणाल्या. “मी कधी ठिवलीच न्हाय. गारठला असता.”

त्यांनी जुन्या नळीतून पाच नव्या नळ्या भरल्या. मंगळवारी काही नाही. बुधवारी नाही. गुरुवारी मी नळ्या उजेडात धरल्या. पाचही आरपार स्वच्छ होत्या.

“चूक माझी झाली, तानाबाई.”

“मुद्दाम केलंसा व्हय?” त्यांनी नळ्या माझ्या हातून घेतल्या. “औषद लागू पडलं म्हणायचं की. तवा असतं, तर पाय वाचला असता?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. बशीतलं अंगात लागू पडतंच असं नाही.

जंतू जिवंत असोत वा मेलेले, नळी धुण्याआधी वाफेच्या बंबात घालायची, असा नियम होता. सतरा नंबरच्या साऱ्या नळ्या तानाबाईंनी स्वतः आत ठेवल्या, झाकणाचे स्क्रू आवळले, स्टोव्ह पेटवला.

मग पायातल्या वहाणा काढून भिंतीकडे सारल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वाफ धरून पुरी वीस मिनिटं होईपर्यंत त्या बंबासमोर उभ्या राहिल्या.