एका दुपारचा स्पेसर

मी एक जुना स्पेसर आहे. हसू नका, मित्रांनो. नाव परकं वाटलं तरी माझा जन्म रोह्याजवळच्या धाटावचा, आणि अंगावरचे हे पांढरे डाग पेणच्या खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याचे.

स्पेसर म्हणजे काय, हे विचारायला लाजू नका. भल्याभल्यांना ते ठाऊक नसतं. बशीएवढी ॲल्युमिनियमची चकती, दोन बोटं जाड. मधे एक मोठं भोक, भोवती चार लहान. गाडीचं चाक ज्या तबकडीवर बसतं तिला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्या मधे मला बसवलं, की चाक दोन बोटं बाहेर सरकतं. चाक साऱ्या जगाला दिसतं. मी मात्र चाक काढल्याशिवाय कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

मला घडवलं महिपती टर्नरनं. धाटावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं लेथ होतं. गोल दांड्यातून माझा तुकडा कापला, लेथवर चढवला, आणि माझ्या अंगावरून रुपेरी कीस निघू लागला, तान्ह्या बाळाच्या जावळासारखा कुरळा. महिपतीनं जन्मभर कारखान्यांच्या पंपांचे भाग घडवले होते. पण आम्हा चार भावांना घडवताना तो गुणगुणत होता, कारण हे काम त्याच्या जावयाचं होतं. शिवाय घरी पाच आठवड्यांची नात होती. काम संपवून हात धुतले तरी तो तिला उचलायच्या आधी बोटं हुंगून पाही, तेलाचा वास राहिला तर नाही ना म्हणून.

त्याच्या जावयाचं नाव जगन. पेणपलीकडच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, नागोठण्याच्या कंपनीत फिटर. पुढची हकिकत मी जन्मायच्या आधीची आहे. ती मला माझ्या शेजारच्या चाकानं सांगितली, त्यानं ती दुकानात जगनच्याच तोंडून ऐकली होती.

जगनच्या गावाला जायला बांधावरून जावं लागे. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून हा बांध घातलेला, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात दारं ठेवलेली. त्या जागेला तिथं उघाडी म्हणतात. उघाडीवरून जायला सिमेंटच्या दोन अरुंद पट्ट्या होत्या, एक डाव्या चाकांसाठी, एक उजव्या. मधे पोकळी, खाली पाणी. जगनचं लग्न झालं तेव्हा भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्या पट्ट्या पाहिल्या आणि गाडी अलीकडेच बंद केली. नवी नवरी मैना, महिपतीची लेक, शालू गुडघ्यापर्यंत धरून बांधावरून चालत सासरी गेली. बांधावर बायका उभ्या होत्या. नवरीच्या पायांना किती चिखल लागला ते त्यांनी मोजलं म्हणे.

मैना तेव्हा पाय धुऊन घरात गेली. पहिल्या बाळंतपणाला रोह्याला माहेरी निघाली, तेव्हा मात्र म्हणाली, "मी आले चालत ते आले. बाळाला दारापर्यंत गाडीतूनच न्यायचं."

जगननं शब्द दिला. दिला तो असा, की महिन्याभरात एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी घेऊन आला. पनवेलच्या कुणीतरी वापरून सोडलेली, पण शर्यतीतल्या गाडीची बहीण शोभावी अशी. हिरामण, म्हणजे जगनचा बाप, म्हणाला की हिच्यात मिठाची एक गोणीसुद्धा मावणार नाही. आई पुतळीनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि शेजारणीला सांगितलं, सून येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाय. गाडी आपल्या जुन्या बारक्या चाकांवर रोज उघाडी ओलांडत होती. काही अडत नव्हतं.

पण गाडी एकदा मनात भरली की माणसाला तिची चाकं बारीक दिसू लागतात. जगन शिफ्ट सुटली की पेणला विठूच्या टायरच्या दुकानात जाऊन बसे. जाळीची ॲलॉय चाकं घ्यावीत की पाच आऱ्यांची? जाळीत चिखल अडकतो म्हणून पाच आऱ्यांची ठरली. रंग काळा की रुपेरी, यावर आठ दिवस गेले. विठू म्हणाला, मुलगी बघायला गेला होतास तेव्हा एवढा वेळ लावला होतास का? जगन म्हणाला, तेव्हा एकच दाखवली होती आणि तीच आवडली.

टायर ठरले ते रुंद आणि बसके, भाकरीसारखे. मग विठूनं चाक लावून स्टिअरिंग फिरवून दाखवलं. वळवलं की टायर आतल्या दांड्याला घासत होता. पुढची चाकं दोन बोटं बाहेर घ्यायला हवी होती, आणि शोभायला मागचीही. तयार स्पेसर दुकानात होते, पण त्यांचं मधलं भोक हबला सैल होत होतं. तसे लावले तर वेगात गाडी थरथरते. जगन म्हणाला, माझ्या सासऱ्याच्या हातचे बसवू.

असा मी जन्माला आलो.

सुट्टीच्या दिवशी जगन नवी चाकं गाडीत कोंबून रोह्याला आला. महिपतीनं हब मोजला, बोल्टांमधलं अंतर मोजलं, मडगार्डला ओळंबा लावून टायर किती बाहेर येईल तेही पाहिलं. माझं मधलं भोक हबवर इतकं नेमकं बसलं, की बसताना हवा निघाल्याचा बारीक आवाज झाला. जुनी चाकं शेडच्या कोपऱ्यात रचली. मैना बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पायाच्या अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. मग विचारलं, ही आपल्या उघाडीवरून जाईल ना?

जगन नट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "रोज तर जाते."

खोटं नव्हतं ते. पण मित्रांनो, एवढी मापं घेतली आणि एक माप राहिलं, ते त्याच क्षणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. ती दुपार मी कशी सांगू? पाठीशी हब, पोटाशी चाक, आणि दोघांच्या मधे मी, चारी बोल्टांनी आवळलेला. गाडीचं वजन माझ्यातून जात होतं. मैनाचं, आणि तिच्या मांडीवरच्या त्या एवढ्याशा जिवाचंसुद्धा. कोलाडच्या वळणावर गाडी जमिनीला चिकटून वळली आणि मैना म्हणाली, पोटातलं पाणी हललं नाय. कंपनीच्या फाट्याजवळ जगननं उगाच वेग कमी केला, सुटलेल्या शिफ्टनं पाहावं म्हणून. बाळ सारा वेळ झोपून होतं. ब्रेकच्या उष्णतेनं मी तापलो होतो, आणि मला वाटत होतं, असंच वर्षानुवर्षं चालणार.

उघाडीशी आलो तेव्हा ऊन कलत होतं. पलीकडे हिरामण आणि पुतळी उभे होते. पुतळीच्या हातात भाकरतुकडा होता, बाळावरून ओवाळायला. दिवस मावळायच्या आत बाळाला घरात घ्यायचं, असा त्यांचा रिवाज. जगननं गाडी पट्ट्यांवर घालायला पुढे घेतली आणि हिरामणनं दोन्ही हात वर केले.

तो पट्टीवरून अलीकडे आला, टायरपाशी उकिडवा बसला. टायर पट्टीच्या बाहेर दोन बोटं येत होता. दोन बोटं काही फार नाहीत, पण पट्टीची कड खारानं खाल्ली होती. आतल्या सळ्या गंजून उघड्या पडल्या होत्या. कडेवर वजन आलं असतं तर ती तुटली असती. हिरामणनं नुसतं बोटानं दाबलं आणि कडेचा एक टवका पाण्यात पडला.

 पुतळी पलीकडून म्हणाली, "गो मैना, उतर. बाळाला मी घेते. दोन पावलांचं तर हाय."

मैना उतरली नाही. रडलीही नाही. समोर बघत बसून राहिली. जगनचे कान लाल झाले होते. त्यानं चाकाकडे पाहिलं, आणि मला कळलं की तो चाकाकडे पाहत नाही, चाकामागे मी आहे तिथं पाहतोय. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला शोधत होतं.

"आत घासतं ते वळवताना ना?" मैनानं विचारलं.

"व्हय."

"मग इथनं दारापर्यंत वळण कुठं हाय? मधल्या चकत्या काढा."

टर्नरची लेक ती. जगननं जॅक काढला. बांधाच्या मऊ मातीत जॅक रुतू लागला, तेव्हा हिरामणनं मीठ ओढायची फळी आणून खाली घातली. एकेक चाक उतरलं, एकेक भाऊ निघाला. माझ्या वेळेला मी हबला घट्ट धरून बसलो होतो, खरं सांगतो. मापच तसं होतं. जगननं पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोकलं. दुसऱ्यांदा ठोकलं. मग मी सुटलो.

चाकं परत बसली, आमच्याशिवाय. मैना खाली उतरली, टायर आणि कड यांच्यामधे स्वतः बोट घालून पाहिलं, चारी चाकांना, आणि मगच बाळासकट परत आत बसली. हिरामण उलटा चालत पुढे झाला, हातांनी डावं-उजवं दाखवत. लाल गाडी मुंगीच्या पावलांनी उघाडी ओलांडून गेली. तशीच नाकासमोर दारापर्यंत गेली. मी बांधावरच्या गवतात पडून पाहत होतो. गाडी दारात थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. पुतळीनं ओवाळलेला तुकडा दूर फेकला, त्यावर कावळे आले. मग बाळ जागं झालं आणि त्या घरात पहिल्यांदा रडलं.

मला वाटलं, आता कुणीतरी आम्हाला न्यायला येईल. दोन दिवस कुणी आलं नाही. खेकडे तेवढे येऊन माझ्या भोकांतून डोकावून गेले.

तिसऱ्या दिवशी महिपती जुनी चाकं टेम्पोत घालून स्वतः आला. आधी उघाडीवर उतरला, खिशातून टेप काढून पट्ट्या मोजल्या. "चाकाच्या आधी मी हितं यायला पायजे होतं," एवढंच म्हणाला. मग गवतातून आम्हाला वेचून जगनच्या घरी घेऊन आला. गाडीला जुनी चाकं चढली. नवी विठूनं परत घेतली. दोघे भाऊ पलंगाच्या पायांखाली गेले, एकाचा पत्ता मला ठाऊक नाही. मला मैनानं बाळाच्या जुन्या दुपट्यानं पुसलं आणि माठाखाली ठेवलं. माठ माझ्यावर छान बसतो, डगमगत नाही.

आता ती मुलगी शाळेत जाते. पाणी प्यायला आली की माझ्या भोकात बोट घालून बसते. उघाडीवर रुंद पूल झालाय. त्यावरून ट्रकसुद्धा जातात. रोज संध्याकाळी लाल गाडी येते आणि तिच्या आवाजावरून मी ओळखतो, डावा मागचा हब आला. माझा हब. तेवढ्यापुरता माठातल्या पाण्याचा गारवाही मला जाणवत नाही.

मित्रांनो, कुणासाठी काही निवडाल तेव्हा दुकानात बसून सगळी मापं घ्या. पण आधी ज्या वाटेनं ते घरी यायचं ती वाट पायांनी चालून या. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं काही पडून असेल, तर त्याला विसरू नका. मला परत गाडीला लावा, असं मी म्हणत नाही. मैना दारापर्यंत आली, हे मी पाहिलंय. फक्त उन्हाळ्यात माठ घासायला उचलाल, तेव्हा माझ्या चार भोकांत साचलेली माती तेवढी काडीनं काढत जा. बोल्ट आलेच कधी, तर जागा मोकळी असलेली बरी.