तिसऱ्या ट्रंपेटचा सूर

हरिहर करंदीकर ठाण्याच्या तारघरात कामाला होते. वीस वर्षं कट्ट-कडकट्ट ऐकून त्यांचे कान इतके तयार झाले होते, की शेजारी कोणी मिरी कुटायला बसलं तरी ते त्यातला मजकूर शोधायचे. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा ते दोन घडीच्या खुर्च्या आणायला म्हणून गेले आणि बासष्ट तबकड्यांचं खोकं घेऊन परत आले. तबकड्या सगळ्या नाचाच्या मोठ्या बँडच्या. जाझच्या.

पहिली तबकडी लावली तशा त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय पडलं?"

"काही पडलं नाही. संगीत आहे हे."

"कोणाचं?"

"पंधरा जणांचं."

"मग एकेकाला वाजवायला सांगा."

हरिहररावांनी त्यांना समजावून सांगितलं, की हे पंधरा जण मनाला येईल तसं वाजवत नाहीत. कुठे ट्रंपेटवाल्यांनी बोलायचं, कुठे सॅक्सोफोनवाल्यांनी उत्तर द्यायचं, कुठे सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं, हे एका माणसानं आधी कागदावर लिहून प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद दिलेला असतो. त्याला अरेंजमेंट म्हणतात.

"म्हणजे पंगतीत मीठ कोणी वाढायचं आणि भात कोणी, हे ठरवलेलं असतं तसं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. हरिहररावांना हे उदाहरण आवडलं नाही, पण याहून चांगलं त्यांना पुढे कधी सुचलंही नाही.

सात वर्षांत त्यांनी त्या तबकड्यांची एक जाड वही केली. लेबलाशेजारच्या काळ्या पट्ट्यात बारीक आकडे कोरलेले असतात. ते भिंगातून वाचून कोणती तबकडी कधी भरली, कितव्या प्रयत्नात भरली, हे ते लिहून ठेवत. बासष्टांपैकी एकसष्ट तबकड्या विलायतेच्या आणि अमेरिकेच्या होत्या. एक मात्र खुद्द मुंबईत, १९४४ साली भरलेली. बँड फोर्टातल्या एका हॉटेलातला, बँडमास्तर आणि अरेंजमेंट लिहिणारा एकच, फेलिक्स मिनेझिस. चीजेचं नाव 'बॅलार्ड पियर स्विंग'.

या तबकडीत एक जागा होती. दोन मिनिटं झाली, की सगळा बँड धावता धावता एकदम गप्प व्हायचा. आणि त्या शांततेत एकच ट्रंपेट एकच सूर द्यायचा. लांब, किंचित उतरलेला, पण कमालीचा ठाम. मग पुन्हा सगळे तुटून पडायचे. तो सूर ऐकला की हरिहररावांच्या अंगावर काटा यायचा. आकडा सांगत होता, की हा चौथा प्रयत्न. म्हणजे मिनेझिस यांनी तीन वेळा नापसंत करून चौथ्यांदा हा सूर निवडला! हरिहररावांनी त्यावर इंग्रजीत सहा पानं लिहिली आणि लंडनच्या जाझ-शौकिनांच्या एका मासिकाला धाडली. मासिकानं त्यातले दोन रकाने छापले. 'पूर्वेनं पश्चिमेच्या शांततेला दिलेलं उत्तर' असं त्या सुराचं वर्णन त्यात होतं.

अंक ठाण्यात आला आणि नौपाड्यातल्या वाचनालयाचे चिटणीस भाऊ लेले घरी आले. त्यांना जाझ म्हणजे कपड्याचा प्रकार वाटत होता, पण लंडनमध्ये छापून आलेला माणूस ठाण्यात दुसरा नव्हता.

"येत्या रविवारी पाच वाजता तुमचं व्याख्यान," भाऊ म्हणाले. "विषय काय लिहू फळ्यावर?"

"एका सुराचा अर्थ."

भाऊ गेल्यावर मंदाकिनीबाईंनी विचारलं, "ज्यानं ते लिहिलं, त्याला विचारलंत का अर्थ? की तोही गेला साहेबाबरोबर विलायतेला?"

हे हरिहररावांना सात वर्षांत सुचलं नव्हतं. चौकशी केली तर फेलिक्स मिनेझिस कल्याणात निघाले! दारूबंदीनं हॉटेलांतले नाच बंद पडले, बँड मोडला, आणि मिनेझिस रेल्वे कॉलनीजवळ दोन खोल्या घेऊन मुलांना पियानो शिकवत होते. शनिवारी दुपारी हरिहरराव मासिकाचा अंक कागदात गुंडाळून त्यांच्या दारात उभे राहिले.

मिनेझिस साठीचे, उंच, घरातही टाय बांधून बसणारे. आपल्या बँडची आठवण काढत कोणी ठाण्याहून आलंय म्हटल्यावर त्यांनी चहा केला, केक कापला, पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. ट्रंकेत सगळ्या अरेंजमेंटचे कागद होते, प्रत्येक वाद्याचे वेगळे, दोऱ्यानं बांधलेले. हरिहररावांना भरून आलं.

"मला ती दोन मिनिटांनंतरची जागा बघायचीय," ते म्हणाले. "तो एकटा ट्रंपेट."

मिनेझिसांचा चेहरा बदलला. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. मग तिसऱ्या ट्रंपेटचा कागद काढून समोर धरला. त्या जागी सूर नव्हता. विश्रांतीची खूण होती. चार मात्रा संपूर्ण शांतता.

"मी तिथे काही लिहिलं नाही, मॅन," ते म्हणाले. "मी तिथे शांतता लिहिली. तीन आठवडे विचार करून लिहिली. आणि त्या गाढवानं तिच्यात फुंकलं!"

नऊ वर्षांनीही त्यांचा राग गेला नव्हता. झालं होतं ते असं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्यांचा तिसरा ट्रंपेटवाला विषमज्वरानं आडवा झाला. आयत्या वेळी दुसरा मिळेना. कोणीतरी कल्याणच्या लग्नाच्या बँडमधला सहदेव नावाचा माणूस आणून उभा केला. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, पण कान पक्का. सकाळभर ऐकून त्यानं सगळं उचललं. मात्र सरावात शांततेच्या जागेपाशी दर वेळी मिनेझिस बँड थांबवून ड्रमवाल्याशी भांडत, त्यामुळे तिथे गप्प बसायचं असतं, हे त्याला कळलंच नाही. रेकॉर्ड कंपनीनं भरायला मेणाच्या चारच तबकड्या दिल्या होत्या. पहिलीत पियानोवाला शिंकला. दुसरीत मिनिटाभरातच ड्रमवाल्याची काठी हातातून निसटली. तिसरीत रस्त्यावरून अग्निशामक दलाची घंटा गेली. तिन्ही त्या जागेच्या आधीच थांबवाव्या लागल्या. चौथी एकदाची नीट चालली होती, आणि दोन मिनिटांनी...

"मी कंपनीला तीन पत्रं लिहिली, ती तबकडी विकू नका म्हणून. मी ती एकदाही ऐकली नाही."

हरिहररावांनी गुंडाळलेला अंक हळूच पिशवीत सरकवला. पण इतका वेळ बसून काही तरी बोलायला हवं, म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उद्या माझं यावरच व्याख्यान आहे."

"मी येईन," मिनेझिस म्हणाले. "लोकांना खरं कळू दे."

तिथून निघालेले हरिहरराव सरळ घरी जायचे, पण पाय बाजारपेठेकडे वळले. सहदेवचं बँडचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारावर तुताऱ्या टांगल्या होत्या आणि सहदेव स्वतः चिंच लावून एक ट्रंपेट घासत बसला होता. पन्नाशीचा, दणकट, मिशा वर वळवलेला.

"मुंबईचं रेकॉर्डिंग? आठवतं ना!" तो म्हणाला. "लई भला माणूस तो मास्तर. जाताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"तुम्ही त्या शांततेत का वाजवलंत?"

सहदेवनं घासणं थांबवलं. "साहेब, वरातीत बँड थांबला तर काय होतं माहितीय? घोडा थांबतो. घोडा थांबला की नवऱ्याचा मामा विचारतो काय झालं. मुलीचा बाप धावत येतो, त्याला वाटतं मानपान राहिला. अठरा वर्षं मी बँड थांबू दिला नाही. आणि तिथं तर चौदाच्या चौदा एकदम विसरले! एवढे शिकलेले लोक, पुढ्यात कागद, तरी विसरले. मग म्हटलं, कोणीतरी धरायला हवं. मी धरलं. त्यांना आठवेपर्यंत."

तो सूर इतका ठाम का होता, हे हरिहररावांना सहा पानांत लिहिता आलं नव्हतं.

"तुम्ही ती तबकडी ऐकलीत कधी?"

"आमच्याकडे कुठला फोनो?"

"उद्या पाच वाजता ठाण्याला या," हरिहरराव म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना आठवलं, की मिनेझिसही येणार आहेत.

घरी त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मंदाकिनीबाई हसून हसून खाली बसल्या.

"व्याख्यान रद्द करतो. ताप आला म्हणून कळवतो भाऊंना."

"काही नको. मी आजवर तुमच्या एकाही तबकडीला आले नाही. उद्या येणार."

रविवारी वाचनालयात तेवीस माणसं जमली. दोन जण वर्तमानपत्र वाचायला आले होते, ते अडकले. पुढच्या रांगेत एका टोकाला मिनेझिस, टाय बांधून. दुसऱ्या टोकाला सहदेव, बँडचा लाल कोट घालून, कारण समारंभाला त्याच्याकडे तोच होता. नऊ वर्षांत दोघंही बदलले होते, त्यामुळे एकमेकांना ओळख पटली नाही. हरिहररावांनी सुई टेकवली आणि काहीच न बोलता बाजूला झाले.

दोन मिनिटं गेली. बँड गप्प झाला. सूर आला.

"हा मी!" सहदेव ओरडून उभा राहिला. "अहो, हा मी आहे!"

"तू!" मिनेझिस उभे राहिले. "तूच तो!"

"मास्तर! तुम्ही हयात आहात!"

"तू माझी शांतता मारलीस!"

"मारली? मी सांभाळून घेतलं तुम्हाला! सगळे विसरले होते!"

"कोणी विसरलं नव्हतं! चार मात्रा गप्प बसायचं लिहिलं होतं!"

"गप्प बसायचे पैसे घेतात का कुठे?"

वर्तमानपत्रवाल्या दोघांनी वर्तमानपत्रं घडी घालून ठेवली. भाऊ लेले घंटा वाजवू लागले. श्रोत्यांतले एक निवृत्त मामलेदार उठून म्हणाले, वादाचा मुद्दा काय आहे तो सभेला नीट ऐकू आला पाहिजे, तबकडी पुन्हा लावा. लावली. निम्मे म्हणाले सूर हवा, निम्मे म्हणाले नको. पुन्हा लावली. कोणीतरी सुचवलं, सहदेवनं तोंडावर हात ठेवावा म्हणजे सुराशिवाय कसं वाटतं ते कळेल. तबकडीतला सूर असा थांबत नाही, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. तबकडी एकूण सात वेळा वाजली. ठाण्यात त्याआधी किंवा नंतर जाझ इतक्या लक्षपूर्वक कोणी ऐकलं नसेल.

पाचव्या वेळेपासून मिनेझिस भांडायचे थांबले होते. आपला बँड त्यांनी नऊ वर्षांनी ऐकला होता. त्यातले दोघे वारले होते, एक ऑस्ट्रेलियाला गेला होता, उरलेले सिनेमाच्या स्टुडिओत रांगेत बसून वाजवत होते. सातव्यांदा तबकडी संपली तेव्हा त्यांनी रुमालानं नाक पुसलं.

"उतरलेला आहे," ते सहदेवला म्हणाले. "अर्धा नाही, पण पाव सूर उतरलेला."

"गरम होत होतं तिथं, मास्तर. पंखा बंद केला होता."

"हां. आवाज येतो म्हणून बंद केला होता," मिनेझिस म्हणाले. मग, जणू कोणी दात उपटून घेतंय तसं, "पण जागेवर आहे. अगदी जागेवर आहे."

भाऊ लेल्यांनी आभार मानताना हे व्याख्यान वाचनालयाच्या इतिहासात संस्मरणीय ठरल्याचं सांगितलं. हरिहरराव एक शब्दही बोलले नव्हते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरी हकीकत लिहून लंडनला पाठवली. दोन महिन्यांनी संपादकांचं अतिशय सभ्य उत्तर आलं. श्री. करंदीकर यांचं नवं पत्र मनोरंजक आहे, परंतु त्यातला पुरावा ऐकीव असून, याच मासिकातल्या त्यांच्या आधीच्या अभ्यासपूर्ण लेखाशी तो विसंगत आहे. तेव्हा मासिक आधीच्याच मताला चिकटून राहील. हरिहरराव दोन दिवस जेवले नाहीत. मंदाकिनीबाईंनी ते पत्र मात्र जपून ठेवलं आणि माहेरचं कोणी आलं की वाचून दाखवू लागल्या.

मिनेझिस दर गुरुवारी सहदेवच्या दुकानात जाऊ लागले. आधी भांडायला, मग शिकवायला. त्यांनी नऊ माणसांच्या लग्नाच्या बँडसाठी चार नव्या अरेंजमेंट लिहिल्या. सहदेवला वाचता येईनाच, म्हणून त्याच्या कागदावर सुरांच्या जागी ते घोडा, मामा, मुलीचा बाप अशी चित्रं काढून द्यायचे. पुढच्या वैशाखात डोंबिवलीच्या एका लग्नात हा बँड वाजला. करंदीकर पती-पत्नी त्याला मुद्दाम गेली होती. वरातीच्या पुढे मिनेझिस हॅट घालून उलटे चालत हातवारे करत होते. मुलीकडच्यांना ते नवऱ्यामुलाचे कोणी तरी मोठे साहेब वाटले. मांडवाच्या दारात त्यांना नारळ आणि टॉवेल देऊन, कुंकू लावून, विहिणीच्या शेजारी बसवण्यात आलं. त्यांनी तीन वेळा जिलबी मागून घेतली.