मास्तरांच्या बोटांसाठी वाढवलेला धागा

माझी आई रफूगार होती. तिने सांधलेले कापड उजेडात धरले तरी सांधा सापडत नसे. तिच्या हाताखाली मी शिकले आणि एका सुईच्या जोरावर शिवणाचा कारखाना उभा केला. माझी मुलगी त्या कारखान्यात वाढली आणि आज तो माझ्यापेक्षा चांगला चालवते, हे मी तिच्यासमोर अद्याप कबूल केलेले नाही. तिची मुलगी मात्र कापडाच्या वाटेला गेली नाही. ती माणसांच्या तुटलेल्या नसा सांधते. एका जागी बसणे तिला ठाऊक नाही, म्हणून डॉक्टर झाली तरी घरात ती भिंगरीच आहे. ही हकिगत तिची.

आमच्या घरावर एक ऋण होते. माझी मुलगी लहान असताना कारखान्यातली सगळी यंत्रे टेबलाखालून फिरणाऱ्या एकाच लांब पट्ट्यावर चालत. रिकामी रिळे गोळा करायला ती टेबलाखाली शिरली आणि तिची बाही पट्ट्यात ओढली गेली. आमचे कटर मास्तर कात्री टाकून खाली वाकले आणि त्यांनी उजवा हात थेट पट्ट्यात घातला. पोरीला ओरखडाही उठला नाही. मास्तरांचा तळवा मात्र पट्ट्याच्या लोखंडी जोडाने चिरला. जखम भरली, बोटे हलू लागली. परंतु अंगठा आणि शेजारची दोन बोटे यांना त्यानंतर स्पर्श म्हणून काही कळले नाही.

ज्याला शिवणकाम ठाऊक नाही, त्याला हे नुकसान समजणार नाही. मास्तर डोळे मिटून कापड चिमटीत धरत आणि सुताला पीळ किती, धुतल्यावर ते किती आटेल, हे सांगत. असा माणूस पुढे नुसती मापे घेत बसला. इस्त्रीचा चटका बसला तर तो त्यांना वासावरून कळे. मी काही बोलू लागले की म्हणत, "बाई, हात माझा, घातला मी. तुम्ही कशाला उगाळत बसता?" मला आभारसुद्धा मानू देत नसत.

मागच्या वर्षी भिंगरी इस्पितळातून तडक कारखान्यात आली आणि मास्तरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मास्तरआजोबा, मला तुमच्या घोट्यातला धागा हवाय. तुमच्या बोटांसाठी."

"घोट्यातला? म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला."

"रफूला धागा कुठून काढता?"

"त्याच कापडाच्या दुमडीतून. बाहेरचा धागा जमत नाही."

"शरीरालाही जमत नाही. घोट्याजवळ स्पर्शाची एक बारीक नस असते. तिचा कण घ्यायचा, रेशमाच्या तंतूवर ठेवायचा आणि वाढवायचा. मग तो तळव्यात, तुटलेल्या नसेच्या दोन टोकांच्या मध्ये बसवायचा. पण हे एकदाच जमेल. पुन्हा कण घ्यायला गेलो, तर पाय बधिर होईल."

"आणि बसवणार कोण? तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता."

"यंत्राचा हात बसवेल. मी फक्त हुकूम सोडणार, आजीसारखी."

मी तिच्याकडे रोखून पाहिले. मास्तर मात्र मनापासून हसले, आणि त्या हसण्यातच त्यांनी होकार दिला.

तो धागा मी प्रयोगशाळेत जाऊन पाहिला. काचेची उबदार पेटी, तिच्यात गुलाबी द्रव आणि द्रवात केसाहून बारीक काहीतरी. कातलेला, पिळलेला, रंगवलेला धागा मी जन्मभर पाहिला आहे. उगवणारा धागा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी पेटीला हात जोडले.

त्याच खोलीत भिंगरीचा आणि तिच्या विभागप्रमुखांचा वाद चालला होता. संगणकाने तळव्यातले अंतर केसभरही न चुकता मोजून दिले होते.

"जेवढं अंतर तेवढाच धागा," ते सौम्यपणे म्हणाले. "लांब धाग्यातून नसेची वाढ बोटांपर्यंत उशिरा पोचते. त्यांच्या वयाला उशीर परवडणार नाही."

"सर, शिवणीत माया ठेवावी लागते, थोडं जास्तीचं कापड. हात आहे, ताणला जाणार."

"जखम भरेपर्यंत हात फळीला बांधलेला असेल."

"तुम्ही मास्तरांना ओळखत नाही."

त्यांनी पडद्यावरचे माप पुसले. "बरं. किती माया ठेवायची, ते दोघं मिळून ठरवू," असे म्हणून त्यांनी सगळे गणित नव्याने मांडले. हाताखालच्या माणसाचे ऐकणारा वरिष्ठ मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. माझ्या कारखान्यात तर नाहीच.

शस्त्रक्रिया पार पडली. फळी काढायची नाही, हे भिंगरीने बजावले आणि मीही बजावले. मास्तर काही दिवस शहाण्यासारखे वागले. मग एके दिवशी एक व्यापारी उन्हात रंग बदलणारे नवे कापड घेऊन आला. मी आत होते. मास्तरांनी दातांनी फळीचे पट्टे सोडवले, कापड चिमटीत धरले आणि कोणताही कटर देतो तसा त्याला तिरका हिसका दिला. मी बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि तोंडावरचा रंग उडाला होता.

"तळव्यात वीज गेली, बाई."

"फळी कुठे आहे?"

"टेबलावर."

"टेबलाचा हात चिरला होता का?"

त्यांनी डाव्या हाताने फळी उचलून माझ्यापुढे धरली.

इस्पितळात भिंगरीने त्यांच्या तळव्यावरून यंत्र फिरवले. माझी मुलगी दाराशी उभी होती. पडद्यावर एक पांढरी रेघ उमटली. भिंगरीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा तपासली.

"तुटलेला नाही," ती शेवटी म्हणाली. "वळण होतं तिथं आता सरळ रेघ आहे. होती नव्हती ती सगळी माया एका हिसक्यात खर्च केलीत, आजोबा."

विभागप्रमुख मागून वाकून पाहत होते. "माझ्या मापाचा धागा असता," ते म्हणाले, "तर आज दोन टोकं दिसली असती." सगळ्यांदेखत आपली चूक सांगायला मोठे मन लागते. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी भिंगरीकडे बोट दाखवले.

नंतरची फळी माझ्या मुलीने स्वतः बांधली, आणि गाठ मास्तरांच्या दातांना पोचणार नाही अशी मारली. पुढे बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मास्तर कुरकुरत, आणि त्या कुरकुरीने मला जितका आनंद झाला तितका कुणाच्या स्तुतीने कधी झाला नसेल.

थंडीचे दिवस आले. एके सकाळी माझी मुलगी बाहेरून आली आणि कात्री द्यायला तिने हात पुढे केला. कात्री घेताना मास्तरांच्या चिमटीत तिची बोटे आली. ते थबकले. त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि तिचा हात पुन्हा धरला.

"पोरी, केवढा गार पडलाय हात. आणि या बोटाला सुई टोचलीय ना?"

"काल टोचली," ती म्हणाली. आणि तिने दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

मी कुणासाठी खुर्चीवरून उठत नाही. तेव्हा उठले.

"मास्तर, तुमचं ऋण आज माझ्या नातीनं पुरतं फेडलं. आता तरी मला आभार मानू द्या."

"माना," मास्तर म्हणाले. पण माझ्या मुलीचा हात त्यांनी सोडला नाही.