एकतीस चौकटी

"पुन्हा मागे घ्या, बापू," बाई म्हणाल्या. "बग्गी फाटकातून आत येते तिथपासून."

बापूंनी टेबलाची मूठ उलटी फिरवली. टेबलावरची रिळं मागे गरगरली आणि हातभर काचेवरची बग्गी घोड्यांसकट उलट्या पावलांनी फाटकाबाहेर गेली.

जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात बापूंची सव्वीस वर्षं गेली होती. आलेला प्रत्येक चित्रपट टेबलावर लावायचा आणि त्यातलं एकेक दृश्य लिहून काढायचं, एवढंच त्यांचं काम: किती सेकंद, कोण दिसतं, काय करतं. या कामामुळे बापू लग्नाचा अल्बम बघतानाही 'दृश्य बदललं' म्हणतात, अशी सहकाऱ्यांनी थट्टा केली की तेही हसत. खोलीला खिडकी नव्हती. फिल्म टिकावी म्हणून थंडी कायम ठेवलेली, आणि जुन्या रिळांचा आंबूस वास कपड्यांतून घरापर्यंत जायचा.

बाई चित्रपट शिकवायच्या. सोमवारी विद्यार्थ्यांना घेऊन त्या याच टेबलावर एका प्रेमकथेचा आरंभ उलगडून दाखवणार होत्या. कथा दीडशे वर्षांपूर्वीची. थोरल्या भावाशी लग्न ठरलेली मुलगी बग्गीतून सासरी येते आणि पायऱ्यांवर उभा असलेला धाकटा तिला बघतो. कॅमेरा बग्गीच्या आत, तिच्या खांद्यामागे. खिडकीच्या बाजूला सारलेल्या पडद्यामधून अंगण दिसतं, स्वागताला जमलेली माणसं दिसतात. मग बग्गीला एक झटका बसतो, खिडकीचा पडदा सुटून पडतो, ती दचकून मागे वळते आणि तिचा चेहरा उघडा पडतो.

"सगळा चित्रपट या झटक्यावर उभा आहे," बाई सांगत होत्या. "तिचा चेहरा बघा. हा अभिनय वाटतच नाही. आणि त्याआधी गर्दीतली ती टोपलीवाली बघा. हसता हसता तिचा चेहरा कसा बदलतो. जणू पुढे काय होणार ते तिला आधीच कळलंय. दिग्दर्शकाने एका साध्या बाईकडून हे करून घेतलं."

बापूंनी टोपलीवालीकडे बघितलं. सकाळपासून ती दहा वेळा समोरून गेली होती. अकराव्या वेळी तिने डाव्या हाताच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले, आणि बापूंचा हात मुठीवरून सुटला.

ती त्यांची आई होती. विशी-बाविशीतली, त्यांनी कधीच न बघितलेली. पण मनगटाने केस सारायची तऱ्हा तिचीच.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. डोळे शिणले."

बाई गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि ते दृश्य एकेक चौकट पुढे सरकवत बघितलं. आईच्या उजव्या हाताला एक मूल होतं. चारेक वर्षांचा मुलगा. तो हात सोडवून बग्गीकडे धावतो आणि खिडकीच्या कडेखाली नाहीसा होतो. बापूंनी मोजलं. एकतीस चौकटी. एका सेकंदाहून थोडंसं जास्त. मग आई थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे बापूंकडे, बघते आणि काहीतरी म्हणते. तिथे फिल्मवर फक्त संगीत होतं. त्यानंतर झटका.

आई कधी चित्रपटात होती, हे घरात कोणी बोललं नव्हतं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आयुष्यात ती एकदाही चित्रपटगृहात गेली नाही. बापूंना ही नोकरी लागली तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. मुलाने बँकेत जावं असं तिच्या मनात असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांनी तेवढा तुकडा मोबाइलवर टिपून घेतला.

बापूंची बायको कानाने न ऐकणाऱ्या मुलांना शिकवायची. ओठ वाचणं तिला वर्तमानपत्र वाचण्यासारखं होतं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने मोबाइल हातात घेतला. टोपलीवाली कोण, हे बापूंनी सांगितलं नव्हतं.

"ओठ दोनदा मिटतात. आधी उघडा स्वर, मग ओठांचा चंबू." तिने पुन्हा लावलं. "हाक आहे. 'मागे ये' म्हणतेय त्यानंतर. ब, प, म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून नक्की सांगता येत नाही, पण…" ती थांबली. "अहो, हे 'बापू' आहे. ही बाई तुम्हाला हाक मारतेय."

"चित्रपट माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीचा आहे."

बायकोने निवडलेली भाजी बाजूला सारली आणि मोबाइल पालथा ठेवला. त्या रात्री दोघांनीही तो उचलला नाही.

रविवारी बापू मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण, आता सत्त्याहत्तरची. घरात एकटी राहायची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. बापूंनी काही न विचारता मोबाइल तिच्यापुढे धरला. मावशीने चष्मा लावला, बघितलं, आणि चष्मा काढून घडी घालून ठेवला.

"ती फिल्म जाळून टाकतो म्हणाले होते," ती म्हणाली.

"कोण?"

"स्टुडिओवाले. आमची गल्ली त्यांच्या मागच्या भिंतीला लागून. गर्दी लागली की आम्हालाच बोलावायचे. त्या दिवशी ताई गेली, मी गेले, आणि तो."

"तो कोण, मावशी?"

"बापू."

बापूंनी धरलेला मोबाइल खाली घेतला.

"तिचा पहिला. तू दुसरा. त्याला मी धरायचं ठरलं होतं. ताईच्या हातात टोपली होती ना. पण मला नटी जवळून बघायची होती. सतरा वर्षांची होते मी. मी पुढे सरकले, म्हणून ताईने एका हाताने टोपली धरली आणि एका हाताने त्याला." मावशीचा आवाज सरळ होता. "त्याला घोडे फार आवडायचे. चाक कोणी बघितलंच नाही."

"आणि मग माझं नाव?"

"तू झालास तेव्हा दुसरं ठेवलं होतं. पण ती तुला बापूच म्हणायला लागली. आम्ही कोणी तोंड उघडलं नाही. हाक मारली की घरात कोणीतरी 'ओ' देतंय, तेवढ्यावर ती उठून कामाला लागली होती."

आपण पन्नासेक वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाकेला ओ देत आलो, हे बापूंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. राग मात्र आला नाही.

"त्याचा एकही फोटो नाही," मावशी म्हणाली. "मला मोठं करून दाखव."

सोमवारी विद्यार्थी यायच्या तासभर आधी बापूंनी मावशीला संग्रहालयात आणलं. बाई लवकर येऊन टिपणं लावत बसल्या होत्या. बापूंनी त्यांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग टेबलासमोरची आपली खुर्ची मावशीसाठी सरकवली.

बापूंनी मूठ हळूहळू फिरवली. फाटक आलं, अंगण आलं, आई आली. मूल आईचा हात सोडायच्या बेतात असताना त्यांनी रीळ थांबवलं.

मावशी काचेला नाक लागेल इतकी वाकली. खोलीत फक्त दिव्याच्या पंख्याची घरघर होती.

"बूट उलट्या पायांत घातलेत," ती म्हणाली. "रोजचंच होतं त्याचं. मी बदलायला गेले की पळायचा."

बापूंनी बघितलं. खरंच, बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला वळली होती. इतक्या वेळा बघून त्यांच्या नजरेस ते पडलं नव्हतं.

"पुढे नेऊ का?"

"नको."

बाहेर विद्यार्थ्यांच्या पावलांचा आवाज आला. कोणीतरी दार ढकलून डोकावलं. बाई उठून दाराशी गेल्या. "आज आरंभ घ्यायचा नाही," त्या बाहेर म्हणाल्या. "वर्गात बसा, मी येते."

त्या गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं होतं आणि बाहेरच्या उजेडाची एक पट्टी टेबलाच्या पायापर्यंत आली होती. मावशीने काचेवरून नजर न काढता हात मागे केला आणि बापूंच्या बाहीला धरलं.

"दाराला कडी घाल," ती हळू आवाजात म्हणाली. "तो पळतो."

बापू उठले आणि त्यांनी कडी घातली.